फुली म्हणजे झालं

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्काराला कंबर तयार नाही, तेव्हा तो उभ्याउभ्याच घे. तुझा दमा, वहिनीची पाठ आणि आईची साखर कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला ठाऊक आहे, तू "ठीक" लिहिणार. घराला आग लागली असती तरी तू "ऊब बरी आहे" असंच कळवलं असतंस.

वहिनीच्याने आता आईला उचलवत नाही, तुमच्याकडे खाट मिळते का बघ, असं तू दोन महिन्यांमागे तीन ओळींत लिहिलंस, आणि मी लगेच अर्ज दिला. मिळते. सात नंबरची रिकामी झाली आहे, खिडकीजवळची. पण ती कशी रिकामी झाली ते आधी वाच. (चष्मा लावून वाच. चौथीनंतर शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला, दोघींनाही बरं वाटलं. अक्षर तिथेच थांबलं आहे.)

आमच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात सगळे जुनाट दुखण्याचे. कोणाला साखर, कोणाला धाप, कोणाचं अर्धं अंग गेलेलं, पुष्कळांना हे सगळंच. ते खडखडीत बरे होतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण म्हणून माणसाला पडला तसा पडू द्यायचा नसतो. माझ्या वॉर्डात अकरा जण. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, डावीवरून पाठीवर, पाठीवरून उजवीवर. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत, चादरीला चुणी दिसली तर ताणून काढायची. आपल्याला ती चुणी, त्यांना ती सुरी. हे चुकलं की पाठीला, कमरेला जखम पडते, तिला बेडसोर म्हणतात, आणि साखरेच्या माणसाची ती भरता भरत नाही. सतरा वर्षांत माझ्या हाताखाली एकालाही पडली नव्हती. सात नंबरवर एक म्हातारा शिंपी होता, डावं अंग गेलेला, तोंड मात्र शाबूत. त्याने माझं नाव उलथणं ठेवलं होतं. मी दारात दिसले की म्हणायचा, "सावध व्हा रे, उलथणं आलं, करपायच्या आत परतणार." मी म्हणायची, बाबा, तुम्ही तर कधीचे करपलात, मी नुसती तव्याला चिकटू देत नाही.

मग सुधारणा आली. म्हणजे एक साहेब आले, वयाने तुझ्या धाकट्याएवढे, बोलायला मऊ, बूट अजिबात न वाजणारे. म्हाताऱ्यांची देखभाल सुधारायची असं वरून ठरलं होतं, आणि सुरुवात कागदापासून झाली. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवला, दर दोन तासांना एक चौकोन. कूस बदलली की चौकोनात खूण करा, असं सांगून साहेब गेले. कोणती खूण ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (विचारलं की मावशीला एवढंही कळत नाही म्हणतात, न विचारता चुकलं तरी तेच म्हणतात. मी वेळ वाचवते.) आपल्या घरी काय होतं, आठव. कॅलेंडरवर दिवस संपला की फुली, यादीतलं सामान आणलं की फुली. फुली म्हणजे झालं, आटोपलं, पुढचं बघा. ती दुसरी, बरोबरची खूण माझ्या पाटीवर गुरुजींनी कधी काढलीच नाही, मग माझ्या हाताला तिचं वळण कुठून असणार? तीन महिने मी कूस बदलली आणि फुली मारली, कूस बदलली आणि फुली मारली. सगळे तक्ते भरून टाकले.

समोरच्या वॉर्डात आमची लाली. (ओठांवरून पडलेलं नाव. कामाने काहीच लाल होत नाही तिचं.) ती सोमवारी सकाळी खुर्चीत बसून अख्ख्या आठवड्याच्या बरोबरच्या खुणा एका दमात करायची. एक म्हातारी बुधवारी मुलीकडे राहायला गेली, तरी तक्त्यात शनिवारपर्यंत तिची कूस बदलत होती.

तीन महिन्यांनी सभा झाली. भिंतीवर दोन खांबांचं चित्र. उंच खांब लालीचा, आणि मोकळी जागा होती ती मी. साहेब अगदी मनापासून म्हणाले की एका वॉर्डात कूस नियमाने बदलली तिथे चार बेडसोर, आणि एका वॉर्डात एकदाही बदलली नाही तिथे एकही नाही. तेव्हा म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते, वारंवार हलवल्याने ती घासते, आता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढंच पुरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या फेऱ्या वाचल्यावर मान आपोआप डोलते.

मी उभी राहिले. "साहेब, फुली म्हणजे झालं."

"नाही मावशी, फुली म्हणजे नाही झालं."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्या जगात तसंच असतं."

"मग जगाला माझ्या वॉर्डात बोलवा आणि पाठी दाखवा."

साहेब वाईट माणूस नाहीत, गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. पण मोठ्या सिस्टरांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. म्हणाल्या, "मावशी, अहवाल वर गेलाय. फुली म्हणजे झालं म्हणाल, तर तीन महिन्यांचे तक्ते चुकीचे, आणि ते भरले तुम्ही. नाही झालं म्हणाल, तर तुमचं कौतुक आहे. आणि तुमच्या आईचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, तोही बघायचाय मला." त्या धमकी देत नव्हत्या. त्या खरंच मदत करत होत्या.

मी आत जाऊन खाली बसले. गप्प. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, दादा, आणि तेही नेमकं तिथे.

त्यानंतर माझं कौतुक झालं. कूस न बदलल्याबद्दल मला कागद दिला, चौकटीत बसवून. (भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.) वर बढती, म्हणजे नव्या मुलींना शिकवायचं काम. काय शिकवू? हात बांधून कसं बसावं? ते लालीला द्यायला हवं होतं. माझा वॉर्ड तिच्याकडे गेला, आणि आता दिवसाला दोनच खुणा करायच्या, म्हणून तिच्या हाताला कागदावरही विश्रांती मिळाली.

मी जेवणाच्या सुट्टीत चोरून सात नंबरवर जायची. एकाच सुट्टीत अकरा जण होत नाहीत, म्हणून निदान त्याला, कारण त्याला दुखलेलंच कळत नव्हतं. आठव्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी पकडलं आणि माझा शिकवायचा तास नेमका त्याच वेळेला लावला. तेराव्या दिवशी त्याच्या माकडहाडाशी लाल डाग, तीनच दिवसांत तो फुटला. साहेब फेरीला आले तेव्हा शिंपीबाबा त्यांना म्हणाला, "साहेब, कापड एकाच घडीवर ठेवलं की घडीवरच विरतं. मोडून दुसरी घालावी लागते." साहेबांनी लिहून घेतलं. मी नंतर वाचलं, "रुग्ण गप्पिष्ट आहे, मनःस्थिती उत्तम." मग ताप चढला. मोठ्या दवाखान्यात नेताना तो मला म्हणाला, "उलथण्या, तू कुठे होतीस गं?" पाच दिवसांनी तो गेल्याचा निरोप आला, आणि त्याच दुपारी मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या, मावशी, आईची सोय झाली.

तर अशी खाट मिळाली. गादी नवी घातली आहे, खिडकीतून झाड दिसतं. महिनाअखेरपर्यंत आणलंस तर आपली, नाहीतर दुसऱ्याला देतील. मोठ्यांना नमस्कार लिहावा तर आईखेरीज घरात मोठा तूच उरलास, धाकट्यांना माझ्याकडून जे द्यायचं ते तूच दे.

तुझी धाकटी

ता. क. आणताना दोन मऊ उशा आण. इथल्या दगडी आहेत.

ता. क. उशा नकोत. आईलाच आणू नकोस. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, कारण मग तू विचारणार, करणार कोण? मी साहेबांना आज फुलीचं सगळं सांगणार आहे, मोठ्या सिस्टरांसमोर. मग इथे ठेवतील असं वाटत नाही. काढलं तर चार दिवसांत तुझ्याकडे येते, वहिनीला सांग, माझं अंथरूण आईच्या खोलीत. नाही काढलं तर तूच करायचंस, आणि मी रजा मिळेल तेव्हा येऊन तू कसं करतोस ते बघणार.

ता. क. कसं करायचं ते लिहिते. चादरीची चौघडी कर, आईच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सरकव. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मुलगा. वहिनीला हाक मारायची नाही. धरून ओढायचं आईला नाही, चादरीला. मग पाठीला उशी, गुडघ्यांत उशी, टाचा वर. पाठ रोज उजेडात बघ. लाल दिसलं तर बोटाने दाब, लाल रंग गेला नाही तर मला लगेच फोन कर, "ठीक आहे" म्हणू नकोस. तू इथवर वाचत आलास, म्हणजे चांगला अर्धा तास खुर्चीत बसून आहेस. आई किती वेळची एका कुशीवर आहे? ऊठ. डावीकडे की उजवीकडे, ते तिलाच विचार.