डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं तेव्हा

प्रिय नवरोबा,

काल डॉक्टरांचं 'हा आजार नाही' असं उत्तर आलं आणि तू दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडत बसलास. म्हणून आईकडे निघण्याआधी हे लिहून ठेवते आहे. त्या माणसाला उगाच शिव्या देऊ नकोस, त्याने त्याचं काम चोख केलं.

ऑफिसात कॉम्प्युटरवर नको ते बघताना तू पुन्हा पकडला गेलास, तेव्हा चौकशी समितीने एकच वाट ठेवली होती. हा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर नोकरी वाचेल आणि उपचारांना रजाही मिळेल. मग तू मला पढवायला बसलास. काय सांगायचं, कुठे डोळे पुसायचे, सगळं. मीही मान डोलावली.

दवाखान्यात आधी आपल्याला एकत्र बसवलं. कधीपासून, रोज किती वेळ, कामावर काय परिणाम झाला, असं डॉक्टर शांतपणे विचारत होते आणि तू घडाघडा सांगत होतास. हे सुरू कसं झालं असं विचारल्यावर तू म्हणालास, "बायको लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहत असेल, तर माणसाने काय करायचं?" लिहून घेणाऱ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे वाक्य मला पढवताना तू गाळलं होतंस.

मग त्यांनी तुला बाहेर पाठवलं. जोडीदाराशी ते नेहमी एकट्यानेच बोलतात. मी तुझ्यासमोर बोलेन असं तू धरून चालला होतास. आजार आहे की नाही हे ज्यावर ठरतं, ती एकच गोष्ट त्यांना माझ्याकडून हवी होती: यांनी कधी थांबायचा प्रयत्न केला का, आणि करूनही जमलं नाही असं झालं का?

तू फोन पाण्याच्या टाकीत फेकला होतास. नवा आणलास तो माझ्या कपाटात ठेवलास, पाया पडलो तरी देऊ नकोस म्हणालास, आणि दुसऱ्याच दिवशी खरोखर पाया पडलास. बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडायचास, तेव्हा मी दाराबाहेर उभी असायचे. तू आजारी आहेस रे. हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी म्हटलं, "छे हो, कधीच नाही. त्यांना आवडतं ते." आणि डोळे पुसले.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार म्हणतोस. जरूर जा. तेही बायकोला बोलावतील. तेव्हा मला न्यायला ये, आणि माझ्या आईवडिलांसमोर ते ओंडक्याचं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखव. मग मी काय सांगायचं ते ठरवीन. समितीने तुला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. मला काही घाई नाही.

तुझीच,
आणि तुला दुसरी साक्षीदार नाही अशी,
बायको