आठव्या मिनिटानंतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. वकिलांच्या मसुद्यातला "शरीराने धडधाकट" हे शब्द मात्र मी खोडले आहेत. कारण पुढे येईल.

१. माझे लग्न झालेले नाही, आईवडील हयात नाहीत. जवळचा वारस एकच, माझा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक.

२. माझ्या कमाईतून घेतलेले दुकान व त्यामागची राहती खोली भावाला मिळावी. दोन्ही तळमजल्यावर आहेत. घेताना दलाल सांगत होता, "बाई, वरच्या मजल्यावर उजेड भरपूर, शिवाय स्वस्त." मी हटून बसले. अकरा पायऱ्या चढले की माझ्या मांड्यांत दगड भरत, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. घरच्यांनासुद्धा ते कधी खरे वाटले नाही.

वडील गोदामात हमाल होते. दोन माणसांचे ओझे एकटे उचलत. मी चौदा वर्षांची असताना आम्ही घर बदलले आणि त्यांनी एक ट्रंक माझ्या हाती दिली. जिन्याच्या पहिल्या वळणावरच बोटे आखडली, ट्रंक सुटली.

"अंग चोरतेस!" ते खालून ओरडले. "परत खाली ये. परत उचल."

तीनदा उचलायला लावली. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. आईने पाहिले आणि माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगू नकोस. उद्या तुझ्या लग्नात अडचण यायची." त्याच आठवड्यात दहा वर्षांच्या भावाने माझे नाव "बसकी" ठेवले आणि सगळ्या गल्लीने ते उचलले. लोक आजही मागून तसेच म्हणतात. मला ऐकू येते.

३. दाबयंत्र, सुया, दाभण, कातडी आणि माझी मोठी कात्री समोरच्या शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. ग्रंथपालबाई फाटलेल्या पुस्तकांना चिकटपट्टी लावतात, ते बघवत नाही.

४. त्रेपन्नाव्या वर्षी मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा एकटीने ओढला. मुठी मिटल्या त्या उघडेनात, लघवी पुन्हा काळी. मोडलेल्या स्नायूंचा रंग तीत उतरला होता, मूत्रपिंडे थोडक्यात वाचली. एका डॉक्टरांनी वय झाले म्हणून सांगितले. दुसऱ्या होत्या स्नायूंच्या डॉक्टर, चणीने लहान, वयाने माझ्या निम्म्या. त्यांनी मला चालत्या पट्ट्यावर उभे केले.

"दुखतंय?"

"दगड भरलेत."

"थांबू नका. हळूच, पण चालत राहा."

नाडी एकशे चाळीसच्या वर गेली. मी कठडा धरून त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. आठव्या मिनिटाला दगड गेले. नाडी एकशे दहावर उतरली आणि पाय आपोआप पडू लागले.

"तुम्ही पट्टा हळू केलात ना?"

"नाही हो, वेग तोच आहे. तुमचं शरीर आता दुसरीकडून इंधन आणतंय."

आजाराचे नाव ग्लायकोजेन साठ्याचा आजार, प्रकार पाचवा. स्नायू साखर साठवून ठेवतात; ती फोडून वापरायला एक एन्झाइम लागते, ते माझ्या स्नायूंत जन्मापासून नाही. साठा भरलेला, आणि स्नायू उपाशी. मग काही मिनिटांनी रक्तातून साखर आणि चरबी पोचते आणि काम सुरू होते. माझ्याच मांडीचा केसाएवढा तुकडा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. प्रत्येक धाग्याच्या कडेला साखरेचे फुगे. मी किती वेळ बघत राहिले, ठाऊक नाही. एकोणचाळीस वर्षे ज्याला सगळे आळस म्हणत आले, ते मला डोळ्यांनी दिसत होते.

५. डॉक्टर म्हणाल्या, भावंडांना विचारा. मी फोन केला.

"काय रे, जिना चढताना तुझे पाय भरून येतात का?"

"दर वेळी," भाऊ म्हणाला. "मी बुटाची नाडी बांधायला थांबतो."

"कधीपासून?"

"शाळेपासून. ताई, तुला बसकी म्हटलं की सगळे तुझ्याकडे बघायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे."

त्याची तपासणी झाली. तोच आजार. बसून करायची नोकरी त्याने का धरली, ते मला त्या दिवशी कळले. त्या नावाबद्दलची माझी तक्रार मी येथे मागे घेत आहे.

६. वडिलांचा ओझ्याचा कातडी पट्टा मी रागाने जपून ठेवला होता. तो भावाच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावा. आईकडे या जनुकाची एक प्रत बिघडलेली, वडिलांकडेही एक. दुसरी चांगली होती, म्हणून दोघांना कधी काही जाणवले नाही. आम्हा दोघांना बिघडलेल्याच दोन मिळाल्या. भाचीकडे आजोबांसारखीच एक चांगली, एक बिघडलेली आहे. ती मैलोन् मैल धावते. मूल होऊ देण्याआधी तिने नवऱ्याची तपासणी करावी. बाबांवरचा राग पुरता गेलेला नाही. पण जे त्यांनी दिले ते आपण देतो आहोत, हे त्यांना माहीत नव्हते.

७. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी मांडीपासून सुरुवात करावी.

८. वकील म्हणतात, पुढचा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. राहू द्या. गेल्या रविवारी मी आणि भाऊ गावामागची टेकडी चढलो. आधी साखरेचे पाणी प्यालो, मग मुंगीच्या पावलांनी निघालो. पहिला चढ दोघांनीही कण्हत काढला, पुढे बोलत गेलो. माथ्यावर तो कठड्याला टेकला आणि खाली गावाकडे बघू लागला. या गावात त्याने तीस वर्षे बस चालवली आहे.

"ताई," तो म्हणाला, "एवढं दिसतं होय इथून?"

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळी.

(सही) लिहून देणार, पुस्तके बांधणारी

आमच्यादेखत सही केली, पूर्ण शुद्धीत:
साक्षीदार १. (सही) स्नायूंच्या डॉक्टर
साक्षीदार २. (सही) शेजारचे चष्मेवाले

भाऊ हजर होता. त्याला मिळायचे आहे, म्हणून त्याची सही घेतली नाही. त्याने शाई वाळेपर्यंत कागद धरला.