माझ्या स्वावलंबनाचा शिक्का

तीर्थरूप ताईस धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, असे गृहीत धरून पुढे लिहितो. देत नसल्यास बसूनच वाच, कारण वार्ता मोठी आहे. मी जिंकलो!

सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा पदव्युत्तर वर्गात बसतो, हे तू जाणतेस (विषय शिलालेख, चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यावर उलट न बोलणाऱ्या दगडांची ओढ लागते). फी सूनबाई भरते. विद्यार्थी घरातल्या कुणावर अवलंबून असेल, तर फीवरची करसवलत त्या भरणाऱ्याला. स्वावलंबी असेल, तर त्याची त्याला. सूनबाईने अर्ज केला आणि करकार्यालयाने खातरजमेसाठी मला बोलावले.

खिडकीमागच्या अधिकारी बाईंनी विचारले, "काका, तुम्ही सुनेवर अवलंबून आहात ना?" फक्त हो म्हणायचे होते. पण प्रश्नातच उत्तर दडवण्याचा दोष मी कसा खपवून घ्यावा? मी प्रथम व्याख्या मागितली, ती अतिव्याप्त ठरवली, आणि पेन्शन, स्वतंत्र खोली व स्वतंत्र मत या तीन आधारांवर माझे स्वावलंबन निर्विवाद सिद्ध केले! मागची रांग तल्लीन झाली होती (एकाने तर डबा उघडला). पाऊण तासाने बाईंनी हात जोडले आणि शिक्का मारला: विद्यार्थी स्वावलंबी. ताई, निवृत्तीनंतर असा दिवस आला नव्हता!

"सवलत आता तुमचीच," बाई म्हणाल्या. "तुमचा कर किती होतो?" पेन्शन तुटपुंजी, कर शून्य. "मग वजा कशातून करू?" या प्रश्नात मात्र मला दोष सापडला नाही.

घरी सूनबाई एवढेच म्हणाली, "वा, बाबा! आता पुढच्या सत्राची फीही वाद घालूनच भरा." त्या सवलतीतूनच ती भरायची होती म्हणे.

तुझा विजयी बंधू

ता. क. शिक्का रद्द होऊ शकतो. त्यासाठी शुक्रवारपर्यंत वेगळ्या घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्या नातलगाचे निवेदन हवे, की विद्यार्थी पूर्णतः परावलंबी आहे. नाहीतर माझा अर्धा वाचलेला शिलालेख अर्धाच राहील. माझ्या परावलंबनाची तुझ्याइतकी जुनी साक्षीदार दुसरी नाही. सातवीपर्यंत माझ्या बुटांच्या नाड्या तू बांधायचीस, हे अवश्य लिही.

आणखी एक. तुझा पत्ता सूनबाईने सांगितला, तिकीट तिचेच, आणि टपालपेटी कुठे आहे हेही तिलाच ठाऊक. पुराव्यात हे पत्रसुद्धा जोड.