उजव्या गोळ्यातला ठोका

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या श्राद्धाचं पान वाढताना आता घरात कुणाच्या डोळ्याला पाणी येत नाही. खरं सांगायचं तर माझ्या तेव्हाही आलं नव्हतं. आज खंडेनवमी. पूजा सकाळीच आटोपली, मुली आपापल्या घरी आहेत, हे पारावर जाऊन बसलेत. गेल्या सालच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जायला नकोत म्हणून तीच पुढे ओढली आहे. तुम्हाला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या सासऱ्याला सून काय लिहिणार. आणि मी लिहिलेलं तुम्ही वाचलंही नसतं, तुम्हाला सहीपुरतंच येत होतं. ही गोष्ट मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. मनात मात्र रोज बोलत होते.

लग्न होऊन थेरगावला आले तेव्हा गाडी आधीच दारात होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात तुम्ही ती घेतली होती, काळी, उंच, पावट्याच्या शेंगेसारख्या फुगीर मडगार्डांची. सारं आयुष्य तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपात मोटारी दुरुस्त केल्या, म्हणून गावात तुम्हाला मान. लग्नाला नवरदेव तुमच्या गाडीतून, बाळंतीण दवाखान्यात तुमच्या गाडीतून, आणि दसऱ्याला गावातली चार म्हातारी माणसं देहूला दर्शनाला तुमच्या गाडीतून. त्या दसऱ्याच्या फेरीचं भाडं तुम्ही कधी घेतलं नाही. वर्षभर तुम्ही त्या एका सकाळसाठी जगत होता, हे मला फार लवकर कळलं. कळलं ते मी जपून ठेवलं.

तुमचा मुलगा कारखान्यात दिवसपाळीला. गाडीखाली तुम्ही शिरलात की वर स्टिअरिंग धरायला माणूस हवा, तो मी. डोक्यावर पदर घेऊन मी मोटारीत बसायची आणि समोरच्या ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए मॅट्रिक, हलीव." मी स्टिअरिंग हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे करायची. खालून आवाज यायचा, "पोथीचं पान उलटतीयास व्हय? भाकर थापतीस तसा हात चालू दे." पुढची दोन चाकं एकमेकांना बांधणारी जी आडवी दांडी असते, तो टायरॉड. तिच्या दोन्ही टोकांना वाटीत बसवलेला पोलादी गोळा. मी वर हलवायची, तुम्ही खाली त्या गोळ्यावर तळवा ठेवून पडून राहायचा. गोळा झिजला असेल तर दांडी आधी हलते आणि चाक मागून, आणि त्या मधल्या क्षणात तळव्याला बारीक ठोका लागतो. कानाला तो ऐकू येत नाही, हातालाच कळतो. एकदा माझा हात सुटला आणि तुमचं बोट दांडीखाली चेमटलं. तुम्ही बाहेर आलात, दार उघडलंत आणि ग्रीसनं भरलेले दोन्ही हात माझ्या पदराला पुसलेत, सावकाश, एकेक बोट. "फडकं आणायला इसरलो व्हतो," म्हणालात. ओट्यावरच्या बायका हसल्या. ते माहेरचं लुगडं होतं. सोडा, राख, उकळतं पाणी, सगळं केलं, डाग गेला नाही. तेच लुगडं मी पुढं सहा वर्षं नेसले.

पण त्याचा राग मला इतका नव्हता. राग आहे तो पहिल्या खंडेनवमीचा. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर, चिंचवडच्या स्टेशनवर उतरून थेरगावपर्यंत चालत आले होते, लेकीचा पहिला दसरा म्हणून. पाटावर तुमचे पाने, हातोडे, जॅक मांडले होते, झेंडू वाहिला होता. मी त्यांच्या शेजारी माझी कंपासपेटी ठेवली. शाळेत भूमितीत पहिली आले म्हणून वडिलांनीच दिलेली, पितळी बिजागरीची. मला वाटलं हत्यारांची पूजा आहे, हे माझं हत्यार. तुम्ही ती उचललीत, उघडून बघितलीत, बंद केलीत आणि वडिलांच्या हातात दिलीत.

"गुरुजी, ह्ये घिऊन जा माघारी. या घरात पोटाला देनारी हत्यारं पुजत्यात."

वडील हसले. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाले आणि पेटी पिशवीत टाकली. जेवले, पानात काही टाकलं नाही, आणि तीनच्या उन्हात चालत गेले. पुन्हा कधी आले नाहीत. दर वर्षी बोलावलं की प्रकृतीचं कारण लिहायचे. मी देवाचं सगळं करते, एकादशी सोडत नाही, कुणाचं वाईट चिंतू नये हे मुलींना शिकवलं. पण वडिलांचं ते हसू मी देवाला वाहू शकले नाही. ते माझ्याकडेच राहिलं.

तुम्ही मला शिकवलंत मात्र खरं. शिकवायचं म्हणून नाही, शिव्या देता देता. चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं आणि हललं, तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा हे कसं ओळखायचं, ब्रेक दाबून धरल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर चाक ज्या खिळ्यावर वळतं तो किंगपिन. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हललं तर टायरॉडचा गोळा. गोळा काढताना नट सोडून तो ज्यात अडकतो त्या लोखंडी कानावर दोन बाजूंनी दोन हातोडे एकदम मारायचे, ओढत बसायचं नाही. नवा गोळा बसवताना जुना किती आटे फिरवून काढला ते मोजून ठेवायचं, तेवढेच आटे द्यायचे, नाहीतर चाकं फेंगडी होतात. आटे मी मोजायची. तुमचं मोजणं विसाच्या पुढे घसरायचं, मग तुम्ही माझ्यावर ओरडायचा.

पिंपरीला नव्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या त्या उन्हाळ्यात गाडी थरथरायला लागली. पिंपरी कॅम्पातला मिस्त्री म्हणाला, स्टिअरिंगची पेटीच गेली, नवी टाका. मी आतून म्हणाले, पेटी नाही, डाव्या चाकाचा किंगपिन आहे, ब्रेक दाबूनही हलतोय. मिस्त्री माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून हसला. तुम्ही उघडलंत. खिळ्याभोवतीचं काशाचं बुश एका अंगानं कागदासारखं झिजलं होतं. मला तुम्ही काही म्हणाला नाहीत. संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्याला सांगत होता, मी चुलीपाशी ऐकलं, "आमच्या मॅट्रिकचा हात खोटं बोलत न्हाई." भाकरी तव्यावर करपली तरी मी हलले नाही. तुम्ही होता त्या बारा वर्षांत तुमच्याकडून मला मिळालेली ती एकच वस्तू.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालता-बोलता होता तुम्ही, पण उजवा हात बधिर. डावा शाबूत होता आणि श्रावणानंतर तुम्ही हळूहळू गाडी फिरवायला लागला होता. हे म्हणाले, "आबा, यंदा देहू राहू दे." तुम्ही म्हणालात, "गाडी नीट असली का मानूस नीट असतंय."

तुमचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. देवापुढे ढिली वस्तू ठेवायची नाही. अष्टमीला गाडी तपासायची, ढिलं असेल ते आवळायचं, मग नवमीला हत्यारं पाटावर. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. त्या अष्टमीला गाडीखाली शिरून गोळे बघायला तुम्ही मला तीनदा हाक मारलीत. मी म्हणाले, "आज उपास आहे, उठबस होत नाही. उद्या बघू, हातानंच तर बघायचंय." उपास होता, पण मला सवड होती. हे मला नीट लिहायचं आहे. मला सवड होती.

नवमीला सासूबाईंनी हत्यारं मांडली, कुंकू लावलं. मग मी गाडीखाली गेले, तुम्ही वर बसून डाव्या हातानं स्टिअरिंग हलवत होता. पाठीखाली पोतं आहे, नाकात ग्रीसचा वास आहे, उजव्या गोळ्यावर माझा तळवा आहे. दांडी आणि चाक एकदम हलतात, एका जिवासारखी. ठोका नाही. मी तिथं पडून उघड्या दारातून खाली सोडलेल्या तुमच्या पायांकडे बघते. उजवा पाय थोडा तिरका ठेवलाय. मी म्हणते, "उजव्या गोळ्यात ठोका लागतोय."

"न्हाई व्हायचा. गेल्या साली बदललाय."

"लागतोय, मामंजी."

तुम्ही उतरलात. मला हलवायला बसवलंत आणि त्या अवस्थेत स्वतः खाली शिरलात, मला तुमचं कण्हणं ऐकू येत होतं. मी हलवत राहिले.

"हाय का गं?" तुम्ही विचारलंत. मला तुम्ही पहिल्यांदाच काही विचारत होता.

"आहे की. तुम्हाला नाही लागत?"

मी हलवतेय, थांबत नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, "लागतोय. व्हय. लागतोय."

तुम्हीही खोटं बोललात, मामंजी. डावा हात तुम्हाला खरं सांगत होता आणि तुम्ही माझ्या हातावर विश्वास ठेवलात. हत्यारं पाटावर होती, आवळायची सोय नव्हती. झेंडूची माळ तुम्ही गाडीला घातली नाहीत, कुंपणावर टाकलीत.

दसऱ्याला सकाळी चौघं म्हातारे धुतलेली धोतरं नेसून आले. तुम्ही ओट्यावर बसून होता. एक जण म्हणाला, "काय राव, इमान उडत न्हाई व्हय आज?" दुसरा म्हणाला, "पाटलाच्या पोरानं नवी गाडी आनलीया, त्येला इचारू. चला, त्यो तरी म्हातारा झाला न्हाई." ते हसत गेले. तुमच्या तोंडावर जे हसू होतं ते मी ओळखलं, कारण ते मी आधी एकदा पाहिलं होतं. दुपारी पानावर बसलात, वरणभात चिवडलात, पुरणपोळीला हात न लावता उठून गेलात.

स्वतःच्या हातावरचा तुमचा भरवसा गेला होता, दसऱ्यानंतर तुम्ही हत्यारांना हात लावला नाहीत. गाडी दिवाळीनंतर चाकणच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं घेतली. त्यानं चिंचवडपर्यंत चालवून आणली आणि म्हणाला, "म्हातारबा, लई सरळ पळती की. काई काम न्हाई हिला." तुम्ही काठी टेकत गाडीपाशी गेलात. "उजवा गोळा बदलून घे. माझं ऐक, पोरं बसवशील गाडीत. आमच्या सुनंनं बघितलाय, तिचा हात खोटं बोलत न्हाई." तो तुमच्याकडे दयेनं बघत होता, वारं गेलेल्या माणसाकडे बघतात तसं. मी दारात उभी होते. तेव्हा एक शब्द बोलायचा होता. मी आत जाऊन तुमच्यासाठी चहा टाकला.

तरीही त्यानं तुमचा शब्द ठेवला. माघात त्याचा माणूस काढलेला गोळा फडक्यात बांधून घेऊन आला. "मालकानं सांगितलंय, यात दोष न्हवता, पन म्हाताऱ्याच्या समाधानासाठी बदलला." तुम्ही आत निजला होतात, जागे होता की नाही ठाऊक नाही. मी गोळा तांदळाच्या डब्यात खाली पुरला. चैत्रात तुम्ही गेलात. ओट्यावर बसायचं तुम्ही त्याआधीच सोडलं होतं.

सगळ्यांना मी सांगत आले की बरं झालं गाडी गेली, पोरी बसायच्या तिच्यात, म्हाताऱ्याचा हात चालत नव्हता. हेसुद्धा म्हणतात, तू वेळेवर ओळखलंस. कधी कधी मलाही ते खरं वाटतं. पण तुमचा डावा हात चालत होता, मी खाली पडून तळव्यानं ओळखला होता. स्टिअरिंगवर तो अगदी स्थिर होता.

तो गोळा मी दर खंडेनवमीला पाटावर ठेवते. मुलींना सांगते, आजोबांची आठवण आहे. ठेवण्याआधी वाटीत हलवून बघते, आजही बघितला. घट्ट आहे. तुमचा नियम मोडलेला नाही.

पश्चात्ताप झाला असं लिहायला बसले होते, पण वही देवासमोर उघडली आहे, तेव्हा एवढंच लिहिते. त्या दसऱ्याला तुमच्या पानात राहिलेली पुरणपोळी सासूबाई गाईला घालत होत्या. अन्न असं वाया घालवू नये म्हणून मी ती त्यांच्या हातातून घेतली. चुलीपाशी बसून सगळी खाल्ली, वर तूप घेऊन. गोड लागली.