असोद्याची बॅच आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. जळगाव केंद्राचा ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर झालो. काम सोपं: गावोगावची माणसं जमवायची, गवंडीकाम शिकवायचं, साइटवर अप्रेंटिस म्हणून चिकटवायचं. मार्चअखेर बॅच साइटवर गेली नाही तर केंद्र बंद, असं हेड ऑफिस म्हणालं. हसू आलं. त्यांनी माझं भाषण ऐकलेलं नाही.

६ फेब्रुवारी
असोदा. स्टँडजवळ ‘कौशल्यातून उत्कर्ष’ या विषयावर बोललो. एकही माणूस हलला नाही. मग एसटी आली. सगळे गेले. नावनोंदणी नाही, पण विचार पेरला.

११ फेब्रुवारी
पारोळा. सुपडूनाना नावाचे म्हातारे पूर्ण भाषण ऐकून म्हणाले, “साहेब, मना घरनी भित पडेल शे. कवय येतस बांधाले?” भिंत बांधायला कधी येता, असं विचारत होते. म्हणजे गवंड्यांना मागणी आहे. हेड ऑफिसला तसा रिपोर्ट पाठवला.

१४ फेब्रुवारी
घसा बसला. आवाज बंद. मृणाली म्हणाली, घरात किती छान वाटतंय. बायकोला काळजी असतेच.

२० फेब्रुवारी
असोद्याच्या सुगंधाबाई केंद्रावर आल्या. केळीच्या बागेत बायकांची टोळी चालवतात. आवाज माझ्यापेक्षा मोठा, तोही माइकशिवाय. बागेतलं काम बारा महिने नसतं, बायकांना गवंडीकाम शिकवाल का, असं विचारलं. मी महिला सक्षमीकरणावर सुरुवात केली.
“भाऊ, ते राहू द्या. इथी संडास आहे का? अन् लेकरं कुठी ठेवाची?”
विषयांतर. संडास आहे, पण त्यात माझे बॅनर ठेवलेत. त्यांनी उभं राहून ते बाहेर काढायला लावले. लेकरांसाठी माझी केबिन घेतली. तात्पुरती.

२४ फेब्रुवारी
बॅच फुल्ल! सगळ्या असोद्याच्या बायका. भाषणाचा परिणाम उशिरा होतो, पण होतो. भागाबाईंना विचारलं, माझं कुठलं वाक्य मनाला लागलं? म्हणाल्या, सुगंधाक्का चल म्हणे, आली. लाजाळू आहेत.

२५ मार्च
धुळे. देवपुरात गिरधरशेठची साइट. शेठ म्हणाले, बायका परांचीवर कशा चढतील? माझ्यातला नेता जागा झाला. बोलत बसण्यापेक्षा स्वतः चढून दाखवलं. चढणं सोपं. वरून पांझरा नदी छान दिसते. बराच वेळ पाहिली, कारण पाय हलेनात. डोळे मिटून कठडा धरला. शेवटी भागाबाई आणि आणखी दोघी सरसर वर आल्या आणि मला धरून एकेक पायरी खाली आणलं. तोवर सुगंधाबाईंनी खाली शेठशी सगळं ठरवलं होतं. शेठ डोळे पुसत हसत होते. म्हणाले, “एवढा साहेब उतरवला, मग विटांचं काय! सोमवारपासून पाठवा.”
पूर्ण बॅच घेतली. मी वर होतो म्हणूनच खाली बोलणी सुरळीत झाली. प्रमोशन नक्की.

२८ मार्च
दुपारी हेड ऑफिसचा फोन. गिरधरशेठशी त्यांचं बोलणं झालं होतं. केंद्र चालू राहणार! अभिनंदन म्हणाले. नवीन को-ऑर्डिनेटर सुगंधाबाई. मलाही ठेवलंय. सहा महिने त्यांच्या हाताखाली, अप्रेंटिस म्हणून.

संध्याकाळी सुगंधाबाईंचा फोन आला. “भाऊ, घाबरू नका. शिकाल हळूहळू.”
हो म्हणालो.