डोंगर उजव्या हाताला

२४ ऑगस्ट, क्लेमेंटी, सिंगापूर
पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन ब्लॉकचे जिने चढले. शेजारच्या आंटीने इथल्या इंग्रजीत विचारलं, "लिफ्ट स्पॉइल आह?" काय सांगणार — बर्फाच्या डोंगराला फेरी मारायचीय, त्याची तयारी चाललीय? नुसतं हसले. दिवसभरात माणसाशी बोलणं झालं ते एवढंच.

२७ ऑगस्ट
निहारिकाची खोली तशीच पडलीय. नऊ वर्षं आम्ही दोघी या फ्लॅटमध्ये राहिलो. जूनमध्ये म्हणाली, "मी पुण्याला परत चाललेय. कायमची." मी म्हणाले, "जा की. अडवलंय कोणी?" गेली. त्यानंतर ना फोन, ना मेसेज. मीही केला नाही. का करू? सोडून ती गेली.
ट्रिप दोघींची होती. ९ सप्टेंबरला चालायला सुरुवात, हे कधीचं ठरलेलं. आता मी एकटी जाणार. जाणारच.

१ सप्टेंबर
एक बरं झालं — वाद मिटला. आल्प्समधल्या त्या डोंगराभोवतीच्या वाटेने सगळे जण डोंगर डाव्या हाताला ठेवून फिरतात. निहारिका म्हणायची, आपणही तसंच जाऊ, सोबत मिळते. मी म्हणायचे, उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही. देवबिव फारसं मानत नाही मी, पण लहानपणापासून पायांना वळण लागलंय. त्यावर ती, "जगाच्या उलट जायची खोड तुझी, देवाचं नाव कशाला घेतेस?"

९ सप्टेंबर
निघाले. डोंगर उजव्या हाताला. वर हिमनदी — पांढरीशुभ्र असेल वाटलं होतं, चांगली मळकट निघाली. निहारिकाला दाखवायला मागे वळले. सवय!

११ सप्टेंबर
सगळे समोरून येतात. "हॅलो" म्हणतात आणि जातात. एका दिशेने चालणाऱ्यांची रोज संध्याकाळी गाठ पडते, ओळखी होतात. मला कोणीच दुसऱ्यांदा भेटत नाही. ती म्हणाली होती तस्संच.
सकाळी तंबूवर बर्फाचा पापुद्रा. घरी एसी सोळावर लावून स्लीपिंग बॅग तपासली होती, फार हुशार मी. चहा करता करता रडले. थंडीने नाही. एकटं वाटलं म्हणून.

१३ सप्टेंबर
निम्मी वाट झाली. खिंडीत बसले होते, समोरून निळा रेनकोट आला. निहारिका.
"नऊ तारीख ठरली होती ना? पुण्याहून निघून नऊलाच चालायला लागले," म्हणाली. "तू उलटीच येणार, माहीत होतं मला. म्हटलं, अर्ध्यावर गाठ पडेलच."
तिने पिशवीतून बाकरवडी काढली. दोघींनी खाल्ली.
"पुण्याला गेले म्हणजे तुला सोडलं, हे कोणी सांगितलं तुला?"
कोणी नाही. माझं मीच ठरवलं होतं.
मग तिने बॅग पाठीला लावली. ती वळायची नाही, आणि मीही वळणारी नाही हे तिला माहीत. "चल, मी निघते," म्हणाली आणि उभीच राहिली.

१४ सप्टेंबर
डोंगर डाव्या हाताला, निहारिका पुढे. पाहिलेलंच सगळं परत बघतेय.