तुझं रिव्हॉल्व्हर केतकी मागते आहे

प्रिय दिनू,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. गेल्या हिवाळ्यात तू माझं बर्फ उपसायचं फावडं नेलंस. लाल मुठीचं, नवंकोरं, कंबरेला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम वाकडं केलेलं. ते परत न करता तू परस्पर निघून गेलास. शास्त्रकारांनी देवांचं ऋण सांगितलं, ऋषींचं सांगितलं, पितरांचं सांगितलं. मित्राच्या फावड्याचं सांगायचं राहिलं, कारण शास्त्रकार कॅल्गरीत राहत नव्हते. त्यामुळे तुझ्या गतीचं नक्की काय झालं असेल, याबद्दल मी साशंक आहे.

यंदा खंडेनवमीलाच बर्फ पडला. ड्राइव्हवे शोव्हल करायचा म्हणून फावडं आणायला तुझ्या घरी गेलो आणि परत आलो तो फावडं विसरून, हातात तुझ्या लेकीचा बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊन. म्हणून हे पत्र. तू असतास तर फोनवर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता शिव्याही लिहून काढाव्या लागतात.

सुनंदावहिनींनी पाट मांडला होता. त्यावर तुझा दगड फोडायचा हातोडा, तुझं होकायंत्र, केतकीचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली विळी. रिव्हॉल्व्हर मात्र खाली बेसमेंटमध्ये, लोखंडी कपाटात. मी पाटाकडे पाहतोय हे पाहून वहिनी म्हणाल्या, "ते आता बाहेर काढायचं नाही म्हणे, भाऊजी. ज्यांच्या नावावर होतं तेच नाहीत, तर हात कुणी लावायचा?"

तेवढ्यात केतकी जिन्यावरून खाली आली. "काका! परफेक्ट टायमिंग. इथे साइन करा ना."

"कशावर? मी वाचल्याशिवाय सही करत नाही. तुझ्या बापाने शिकवलंय."

"लायसन्सचा अर्ज आहे. कोर्स झाला, टेस्ट पास झाले. मला ओळखणारी दोन माणसं लागतात. एक माझी रूममेट, दुसरे तुम्ही. येत्या समरला उत्तरेकडे युकॉनच्या रानात फील्डवर्क आहे माझं. कंपनी लेटर देतेय. आय वॉन्ट बाबाज् रिव्हॉल्व्हर. दुसरं नकोय मला."

वहिनी समई पुसत होत्या. आधीच लखलखीत असलेली समई त्या पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. निघताना दारापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही नाही म्हणालात, तर ते पोलिसांकडे जमा करू आणि विषय संपवू."

म्हणजे बघ, तू सुटलास आणि निवाडा माझ्याकडे आला!

खरं सांगू? तुझ्या त्या शस्त्राची सगळ्यात जास्त टिंगल मीच केली. तू पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मला हसू आवरेना. लांब नळी, लाकडी मूठ, आणि प्रत्येक गोळीआधी तिच्यावर आपटणारा घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. "अरे, हे कुठल्या संग्रहालयातून उचललंस? लोक चंद्रावर चालले आणि तू शंभर वर्षं मागे!"

तू शांतपणे कापसाने नळी पुसत होतास. "अबे भटजी, ह्याच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. खलबत्त्यासारखं आहे. थंडीत चालतं, चिखलात चालतं, आणि माझ्या हाताने मला दुरुस्त करता येतं. तिकडे शंभर मैलांत मेकॅनिक नसतो."

"पण दर वेळी तो घोडा ओढायचा! तेवढ्यात अस्वल थांबेल का?"

"ते नाही थांबत बे. मी थांबतो."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर किती वेळा आठवलं, ते तुला सांगितलं नाही. सहा घरांच्या त्या चाकात तू पाचच गोळ्या भरायचास आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचास, म्हणजे धक्का लागला तरी चुकून बार उडू नये. मी म्हटलं, सहावी ईश्वरार्पण. तू म्हणालास, सहावी माझ्या पायाला अर्पण होऊ नये म्हणून.

आपल्या लोकांना हे समजावता समजावता मात्र माझ्या नाकी नऊ आले. गणपतीच्या पॉटलक जेवणाला ती पूर्वेकडच्या मिल्टन शहरातून आलेली बाई आठवते? "अहो, शिकलेली माणसं आपण! पिस्तूल कुणापासून संरक्षणाला? शेजाऱ्यांपासून?" तू ताटातला मसालेभात संपवत म्हणालास, "नाही हो, माझ्या बॉसपेक्षा किंचित मोठ्या प्राण्यापासून." मग मीच तासभर सांगत बसलो, की हे शहरात कुणी कमरेला लावून हिंडत नाही, हिंडताही येत नाही, रानात एकट्याने दगडांचे नमुने गोळा करणाऱ्याला त्या कामापुरती परवानगी असते, गावात ते कुलपात असतं. बाईंना पटलं नाही. जाताना तुझ्यापासून दोन हात अंतर ठेवून त्यांनी नमस्कार केला.

आणि आपला तो आततायीचा वाद! शास्त्राने आततायीवर शस्त्र उचलायची मुभा दिली आहे, हे मी सांगितलं. आग लावणारा, विष देणारा, जमीन बळकावणारा वगैरे. मग मी तुला कोंडीत पकडलं: "पिल्लं घेऊन आपल्याच नदीकाठी फिरणारी अस्वलीण ह्यात कुठे बसते? ती घरात आहे. हातोडा घेऊन तिच्या घरात घुसलेला तू. आततायी कोण?"

तू म्हणालास, "आततायी मीच. म्हणून तर आधी शिट्टी वाजवतो, मग बोलतो, मग स्प्रे काढतो. रिव्हॉल्व्हर सगळ्यांत शेवटी. अतिथीने दारावर टकटक करावी, तसं."

स्प्रेचंही तुझं धन्यच होतं. वारा उलटा फिरला आणि मिरचीचा तो फवारा स्वतःच्याच तोंडावर घेऊन तू कॅम्पवर परतलास. वहिनींनी फोनवर विचारलं, रडताय का?

तांदळाचं प्रकरण मात्र मी मान्य करणार नाही. त्या खंडेनवमीला तू रिकामं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलंस. रिकामं आहे हे मला दोनदा उघडून दाखवलंस. मी यथाविधी हळद-कुंकू वाहिलं, तुपाच्या बोटाने टिळा लावला, अक्षता टाकल्या. तुझं म्हणणं, मूठभर टाकल्या. माझं म्हणणं, शस्त्राच्या योग्यतेप्रमाणे टाकल्या. दसरा उरकून तू शेवटचे नमुने आणायला उत्तरेला गेलास आणि तिकडून सॅटेलाइट फोनवर तुझा तो जाहीर निषेध आला: "भटजी! तुझा एक तांदूळ घोड्याच्या खाचेत बसलाय. तूप-कुंकू लागून दगड झालाय त्याचा. घोडा अर्ध्यावरच अडकतो!"

"म्हणजे पूजा पोहोचली."

"अस्वल पोहोचलं असतं ना बे!"

ह्या कॅनडात किती लोक शस्त्र बाळगत असतील, देव जाणे; पण तांदूळ अडकून शस्त्र बंद पडलेला तू एकटाच असणार. कॅम्पवर पोहोचताच ते तपासायची तुझी सवय होती म्हणून कळलं. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने तू ते उघडलंस, तांदूळ काढलास, पुन्हा जोडलंस. त्या दिवशी मला तुझ्या खलबत्त्याचं म्हणणं पटलं. पुढच्या वर्षीपासून टिळा फक्त कातडी म्यानाला आणि अक्षता पाटाच्या कडेला, असा पाठभेद आपण रूढ केला.

आता जे मनाला टोचतं ते लिहितो.

तुला एकदाच ते म्यानातून काढावं लागलं. ओढ्याच्या वळणावर अस्वलीण, मागे दोन पिल्लं. वारा तुझ्याकडे, त्यामुळे स्प्रे निरुपयोगी. तू घोडा ओढलास आणि शुद्ध नागपुरीत तिच्याशी बोललास: "बाई, जा ना वो. माझी बायको वाट पाहून राहिली." ती उभी राहिली, हुंगलं, आणि पिल्लांना घेऊन झाडीत गेली. ही गोष्ट तू प्रत्येक पार्टीत सांगितलीस. केतकी लहान असताना अस्वलीण व्हायची आणि तुझ्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची. परवा अर्ज पुढे करताना तिने तेच वाक्य तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. वहिनी हसल्यासुद्धा.

पण ती गोष्ट तिथे संपत नाही, दिनू. उरलेली तू फक्त मला सांगितलीस. अस्वलीण गेल्यावर ओढलेला घोडा परत खाली न्यायचा होता. त्यासाठी चाप दाबून अंगठ्याने तो हळू सोडावा लागतो आणि अंगठा स्थिर लागतो. तुझा स्थिर नव्हता. हात थरथरायचा थांबेना, म्हणून तू ते तसंच नळी दरडीकडे करून धरलंस आणि दगडावर बसून राहिलास. पँट ओली झाली होती, हेही सांगितलंस. "तिला मारलं असतं रे मी," म्हणालास. "पिल्लांसमोर. अजून दोन पावलं आली असती तर मारलंच असतं." आणि तू रडलास. तुला रडताना मी तेव्हा पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या महिन्यातही नाही.

हे तू केतकीला का नाही सांगितलंस? हसायचं तेवढं तिला दिलंस आणि भ्यायचं माझ्याकडे ठेवलंस. हा कसला वाटा, सांग! बाप भीत नाही असं वाटून मोठी झालेली मुलगी आता त्याच रानात निघाली आहे. तिला वाटतं, घोडा ओढायचा, नागपुरीत दोन शब्द बोलायचे, आणि अस्वल समजूतदारपणे घरी जातं.

मी अर्ज टेबलावर ठेवला आहे. तुझी वैशालीवहिनी म्हणते, "सरळ नाही म्हणून टाका, तुमचं काय जातंय?" तुला माहीतच आहे, आमच्या घरात सुरीला जास्त धार लावलेली असली तरी ती काळजी करते. पण मी नाही म्हणालो म्हणून केतकी रानात जायची थांबणार आहे का? ती जाणारच. फक्त रिकाम्या हातांनी जाईल. मग तुझ्या हाताने पुसलेलं, तिला उघडता-जोडता येणारं, तिच्या अंगठ्याला विचार करायला लावणारं ते जुनं धूड तिच्या कमरेला असलेलं काय वाईट? इतकी वर्षं चेष्टा केली, पण आज तुझ्या बाजूने मत देतो. लिहून घे, पुन्हा मिळणार नाही.

तेव्हा वचन देतो. ह्या रविवारी केतकीला घरी जेवायला बोलावतो. जेवण झाल्यावर तिला ओढ्याकाठची ती सगळी गोष्ट सांगतो, थरथरत्या अंगठ्यापासून ओल्या पँटपर्यंत. तू रागावशील. रागाव. ती ऐकून घेऊनही म्हणाली, "तरी जायचंय, काका," तर तिच्यासमोर सही करतो आणि वहिनींना मीच जाऊन सांगतो की सही केली.

इथपर्यंत लिहून मघाशी पेन ठेवलं होतं. वाटलं, झालं पत्र. पण झालं नाही. मला अस्वलाची खरी काळजी नाही आणि रिव्हॉल्व्हरची तर नाहीच. केतकी तुझ्याहून सावध आहे. तू गेलास तेव्हा आम्ही सगळे तुझ्या पलंगापाशी होतो, कुणालाच जाऊन काही सांगावं लागलं नाही. पण तिकडे युकॉनमध्ये केतकीला काही झालं, तर वहिनींच्या दाराची बेल मला वाजवावी लागेल. ते करायला आता दुसरं कुणी नाही, दिनू. आणि मला ते जमणार नाही.

तुझाच,
सदानंद,
म्हणजे तुझा भटजी